बार्तोश कुरेक : घरच्या विश्वविजेत्या संघातून वगळलेला खेळाडू चार वर्षांनी जगातला सर्वोत्तम कसा ठरला?

सप्टेंबर 2014. पोलंडमधल्या कातोवित्से शहरातलं 'स्पोडेक' हे उडत्या तबकडीसारखं दिसणारं स्टेडियम लाल-पांढऱ्या रंगाने भरून गेलं होतं. पोलंडने ब्राझीलला 3-1 असं हरवलं आणि 40 वर्षांनी व्हॉलीबॉलचं विश्वविजेतेपद देशात परत आणलं. जल्लोष करणाऱ्या त्या संघात एक नाव मात्र नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी वर्ल्ड लीगमध्ये स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या बार्तोश कुरेकला स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळण्यात आलं होतं.

चार वर्षांनी, 2018 मध्ये, इटलीतल्या तुरिनमध्ये पोलंड पुन्हा ब्राझीलसमोर अंतिम सामन्यात उभा होता. पोलंडने तो सामना 3-0 असा जिंकला आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच कुरेक.

या चार वर्षांत नेमकं काय घडलं? व्यावसायिक व्हॉलीबॉलपटूचं आयुष्य कसं असतं? आणि सगळं जिंकूनही पोलंडच्या या पिढीला एका पदकाची इतकी वाट का पाहावी लागली?

पोलंडमध्ये व्हॉलीबॉलचं एवढं वेड का?

पोलंडमध्ये सर्वाधिक लोकप्रिय खेळ फुटबॉलच आहे. पण गेल्या दोन दशकांत देशाला सातत्याने पदकं मिळवून दिली ती व्हॉलीबॉलने. या वेडाची मुळं 1970 च्या दशकात आहेत. ह्युबर्ट व्हाग्नर या कडक शिस्तीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली पोलंडने 1974 मध्ये मेक्सिकोत विश्वविजेतेपद पटकावलं आणि 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला 3-2 असं नमवून सुवर्णपदक जिंकलं. तो काळ पोलंडवर सोव्हिएत वर्चस्वाचा होता. त्यामुळे त्या विजयाची आठवण निव्वळ खेळापुरती राहिली नाही.

त्यानंतर मात्र मोठा दुष्काळ पडला. 2006 मध्ये जपानमध्ये झालेल्या विश्वचषकात पोलंडने रौप्यपदक जिंकलं आणि पुन्हा आशा जागी झाली. स्टेडियम भरू लागली, पोलिश लीगमध्ये पैसा आला, परदेशी प्रशिक्षक आले. 2014 च्या विश्वचषकाचा सलामीचा सामना तर वॉर्साच्या फुटबॉल स्टेडियममध्ये 60 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला. कुरेकची कारकीर्द याच लाटेवर सुरू झाली आणि या लाटेबरोबर आलेल्या अपेक्षांचं ओझंही त्याच्याच पिढीने वाहिलं.

कुरेक आहे तरी कोण?

बार्तोश कुरेकचा जन्म 29 ऑगस्ट 1988 रोजी दक्षिण-पश्चिम पोलंडमधल्या वाऊब्झिख शहरात झाला. वडील आदाम कुरेक हेही व्हॉलीबॉलपटू. त्यामुळे खेळाचं बाळकडू घरातूनच मिळालं. निसा या छोट्या शहरात सुरुवात करून किशोरवयातच तो केंजेझिन-कोझ्लेच्या 'झाक्सा' संघात दाखल झाला. 2008 मध्ये तो त्या काळच्या पोलंडमधल्या सर्वांत बलाढ्य क्लबमध्ये, म्हणजे 'स्क्रा बेऊखातुफ'मध्ये गेला.

दोन मीटरपेक्षा जास्त उंची, जबरदस्त उडी आणि तोफेसारखी सर्व्हिस. 2009 मध्ये पोलंडने पहिल्यांदाच युरोपियन विजेतेपद जिंकलं, तेव्हा कुरेक जेमतेम 21 वर्षांचा होता. काही आघाडीचे खेळाडू नसतानाही मिळालेला तो विजय अनपेक्षित होता आणि त्यात या पोराचा वाटा मोठा होता. स्क्राबरोबर त्याने 2009, 2010 आणि 2011 अशी सलग तीन पोलिश विजेतेपदं जिंकली. 2012 मध्ये पोलंडने सोफियात वर्ल्ड लीगच्या अंतिम सामन्यात अमेरिकेला हरवलं आणि कुरेक स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

त्या क्षणी तो 23 वर्षांचा होता. काही आठवड्यांतच लंडन ऑलिम्पिक होतं आणि पोलंडकडे सुवर्णपदकाचा दावेदार म्हणून पाहिलं जात होतं. पण उपांत्यपूर्व फेरीत रशियाने पोलंडला 3-0 असं हरवलं.

2014 मध्ये त्याला का वगळलं?

लंडननंतर कुरेकने पोलंड सोडलं. एक हंगाम तो डायनॅमो मॉस्कोकडून खेळला आणि मग इटलीच्या 'लुबे माचेराता' संघात गेला. 2014 मध्ये या संघाने इटालियन लीग जिंकली. कागदावर सगळं उत्तम होतं.

पण राष्ट्रीय संघात बदल झाले होते. नवे प्रशिक्षक होते फ्रान्सचे स्तेफान आंतिगा. गंमत अशी, की आंतिगा त्याच वर्षीच्या वसंतापर्यंत स्वतः खेळत होते. स्क्रा बेऊखातुफमध्ये ते कुरेकचे सहकारी राहिले होते आणि दोघांची जागाही एकच होती : आउटसाइड हिटर. त्या जागेवर आता मिहाव विनियार्स्की, मिहाव कुबियाक, मातेउश मिका असे खेळाडू होते. आंतिगांनी अंतिम यादीतून कुरेकचं नाव काढलं.

निवड योग्य होती की नाही, यावर स्पर्धेआधी पोलंडमध्ये बराच वाद झाला. पण संघ विश्वविजेता झाला आणि तो वाद तिथेच संपला. कुरेकसाठी हे दुहेरी अवघड होतं. संघ हरला असता तर लोकांनी त्याची आठवण काढली असती. संघ जिंकल्यामुळे त्याच्याशिवायही सगळं नीट चालतं, हे साऱ्या देशाने पाहिलं.

जागा बदलली, म्हणजे नेमकं काय झालं?

पुढचं समजून घ्यायचं तर व्हॉलीबॉलमधल्या जागा समजून घ्याव्या लागतात. आपल्याकडे गावोगावी शूटिंग व्हॉलीबॉल लोकप्रिय आहे. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल त्याहून वेगळा. त्यात एका बाजूला सहा खेळाडू असतात, चेंडू जास्तीत जास्त तीन स्पर्शांत पलीकडे पाठवायचा असतो आणि प्रत्येक स्पर्शाचं काम ठरलेलं असतं.

पहिला स्पर्श म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस उचलणं. हे काम मुख्यतः लिबेरो आणि दोन आउटसाइड हिटर करतात. दुसरा स्पर्श सेटरचा, ज्याला आपल्याकडे बरेच जण 'लिफ्टर' म्हणतात. तो चेंडू उचलून देतो. तिसरा स्पर्श स्मॅशचा.

आउटसाइड हिटरवर दुहेरी जबाबदारी असते. ताशी 100 किलोमीटरहून वेगाने येणारी सर्व्हिस आधी हातावर घ्यायची आणि लगेच धावत येऊन स्मॅशही मारायचा. समोरचा संघ हे ओळखून असतो. जो खेळाडू सर्व्हिस उचलताना चाचपडतो, त्याच्यावरच सर्व्हिसचा मारा होतो. उचलणं बिघडलं की डोकं बिघडतं आणि डोकं बिघडलं की स्मॅशही जाळ्यात जातो.

ऑपोझिटचं काम वेगळं. रोटेशनमध्ये तो सेटरच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यात असतो, म्हणून हे नाव. त्याला सर्व्हिस उचलायची नसते. त्याने फक्त गुण मिळवायचे. मात्र ही सूट फुकट मिळत नाही. पहिला स्पर्श बिघडला आणि चेंडू जाळ्यापासून लांब गेला की सेटर तो उंच उडवून ऑपोझिटकडेच पाठवतो. समोर दोन-तीन ब्लॉकर हात वर करून तयार असतात, चेंडू कुठे येणार हे सगळ्या स्टेडियमला माहीत असतं आणि तरीही त्याने गुण आणायचा असतो. 24-24 अशा बरोबरीला चेंडू बहुतेक वेळा त्याच्याकडेच जातो.

2014 नंतर विश्वविजेत्या पोलंडचा ऑपोझिट मारिउश व्लाझ्वी याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. त्याची जागा कोण घेणार, हा आंतिगांसमोरचा प्रश्न होता. उत्तर त्यांनी वगळलेल्या खेळाडूतच सापडलं. 2015 मध्ये कुरेक ऑपोझिट म्हणून राष्ट्रीय संघात परतला. ज्या प्रशिक्षकाने दार बंद केलं, त्यानेच दुसरं उघडून दिलं.

मग सगळं सुरळीत झालं का?

नाही. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पोलंड पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत अडकला. या वेळी अमेरिकेने 3-0 असं हरवलं.

त्यानंतर कुरेकने जपानच्या 'जेटी थंडर्स' संघाशी करार केला होता. पण हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याने तो करार संपवला आणि काही काळ खेळापासून दूर राहण्याचं जाहीर केलं. तेव्हा तो 28 वर्षांचा होता, म्हणजे खेळाडूच्या कमाईची सर्वांत चांगली वर्षं.

हे समजून घेण्यासाठी व्हॉलीबॉलपटूचं वेळापत्रक पाहायला हवं. क्लबचा हंगाम साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिल-मेपर्यंत चालतो. तो संपला की लगेच राष्ट्रीय संघाचं शिबिर. मग आंतरराष्ट्रीय लीग, त्यानंतर युरोपियन स्पर्धा, विश्वचषक किंवा ऑलिम्पिक. ते संपेपर्यंत पुढचा क्लब हंगाम दारात उभा असतो. किशोरवयापासून राष्ट्रीय संघात असलेल्या खेळाडूला वर्षानुवर्षं मोठी सुट्टी अशी मिळतच नाही. प्रत्येक स्मॅशला उडी, प्रत्येक ब्लॉकला उडी, प्रत्येक सर्व्हिसला उडी. गुडघे आणि पाठ यांना विश्रांती नसते.

काही आठवड्यांनी कुरेक परतला, तो त्याच्या जुन्या स्क्रा बेऊखातुफ संघात. पुढचा हंगाम त्याने तुर्कस्तानात अंकाराच्या 'झिराअत बँकासी'कडून खेळला. दरम्यान 2017 मध्ये घरच्या मैदानावर झालेल्या युरोपियन स्पर्धेत पोलंड उपांत्यपूर्व फेरीच्याही आधी स्लोव्हेनियाकडून हरला. प्रशिक्षक फेर्दिनान्दो दे जॉर्जी यांना जावं लागलं. त्यांच्या जागी बेल्जियमचे व्हिटाल हेनेन आले.

तुरिनमध्ये काय घडलं?

2018 च्या विश्वचषकाला पोलंड गतविजेता म्हणून उतरला खरा, पण विजेतेपदासाठी फारसं कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. पहिल्या फेरीतले पाचही सामने जिंकल्यावर दुसऱ्या फेरीत अर्जेंटिना आणि फ्रान्सकडून पाठोपाठ पराभव झाले. स्पर्धेतून बाहेर पडण्याची वेळ आली असताना पोलंडने सर्बियाला 3-0 असं हरवून आव्हान टिकवलं.

तुरिनमधल्या उपांत्य सामन्यात अमेरिकेने 2-1 अशी आघाडी घेतली होती. पोलंडने पुढचे दोन्ही सेट जिंकले. कठीण क्षणी सेटरचे चेंडू कुरेककडे जात होते आणि तो ते जमिनीवर आपटत होता. अंतिम सामन्यात पहिला सेट 28-26 असा रंगला. तो पोलंडने जिंकला आणि ब्राझीलचा संघ पुन्हा सावरलाच नाही.

कुरेक सर्वोत्तम खेळाडू ठरला. चार वर्षांपूर्वी याच प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो संघातही नव्हता. त्या वर्षी पोलंडच्या वाचकांनी 'प्शेग्लोंद स्पोर्तोवी' या क्रीडा दैनिकाच्या कौलात त्याला देशाचा सर्वोत्तम क्रीडापटू निवडलं.

जगज्जेत्यालाही नोकरीची चिंता असते?

असते, आणि त्याचा प्रत्यय त्याला लगेचच आला. विश्वचषकानंतर कुरेक पोलंडमधल्या श्चेचिन शहराच्या 'स्तोच्न्या' संघात रुजू झाला. या संघाने मोठमोठी नावं जमवली होती, त्यात बल्गेरियाचा मातेय काझियस्कीही होता. पण पैसा आटला. विजेतेपदाला तीन महिनेही झाले नव्हते, तोच क्लबचा डोलारा कोसळला आणि संघ लीगमधून बाहेर पडला. जगातला सर्वोत्तम खेळाडू हंगामाच्या मध्यावर क्लब शोधत होता. शेवटी तो वॉर्साच्या 'ओनिको' संघात गेला आणि त्या संघाने लीगमध्ये दुसरं स्थान मिळवलं.

व्हॉलीबॉलमधल्या बहुतेक क्लबांचं गणित एखाद-दुसऱ्या मोठ्या प्रायोजकावर चालतं. फुटबॉलसारखे प्रक्षेपण हक्कांचे अवाढव्य पैसे इथे नाहीत. प्रायोजकाने हात आखडता घेतला की पगार थांबतो. खेळाडूंचे करारही बहुधा एक-दोन हंगामांचे असतात. कुरेकच्या कारकिर्दीत पोलंड, रशिया, इटली, तुर्कस्तान आणि जपान असे पाच देश दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

2019 मध्ये त्याच्या पाठीच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली. तिशी ओलांडलेल्या, उडीवर जगणाऱ्या खेळाडूसाठी हा मोठा धोका असतो. पण त्याच वर्षाअखेरीस तो पुन्हा पोलंडच्या संघात दिसला आणि नंतर इटलीत मोंझाकडून खेळला.

जपानच का?

2020 मध्ये कुरेक 'वुल्फडॉग्ज नागोया' या जपानी संघात गेला आणि 2024 पर्यंत तिथेच राहिला. चार वर्षांपूर्वी ज्या देशाचा करार त्याने सोडला होता, तिथेच त्याला सर्वाधिक स्थैर्य मिळालं.

जपानी संघांच्या पाठीशी बहुधा मोठे उद्योग असतात. नागोयाचा संघ टोयोटा समूहातल्या 'टोयोडा गोसेई' कंपनीशी जोडलेला आहे. त्यामुळे क्लब रातोरात बुडण्याची भीती कमी. त्या काळात जपानी लीगमध्ये संघाला एक परदेशी आणि एक आशियाई खेळाडू घेण्याची मुभा होती. साहजिकच तो एक परदेशी म्हणून उंचापुरा, गुण आणणारा ऑपोझिट घेण्याकडे कल असे. त्याबदल्यात त्या खेळाडूकडून हल्ल्याचा मोठा भार उचलण्याची अपेक्षा असे, आणि शनिवार-रविवार असे सलग दोन दिवस सामने असत. 2023 मध्ये नागोयाने जपानी लीगचं विजेतेपद जिंकलं.

'उपांत्यपूर्व फेरीचा शाप' काय होता?

पोलंडच्या चाहत्यांना एक प्रश्न छळत होता. 2004 अथेन्स, 2008 बीजिंग, 2012 लंडन, 2016 रिओ आणि 2021 मध्ये झालेलं टोकियो. सलग पाच ऑलिम्पिकमध्ये पोलंड उपांत्यपूर्व फेरीतच हरला. यातल्या शेवटच्या तीन पराभवांत कुरेक संघात होता.

टोकियोचा घाव सर्वांत खोल होता. पोलंड दोन वेळचा विश्वविजेता होता. क्युबात जन्मलेला आणि पोलिश नागरिकत्व घेतलेला विल्फ्रेदो लिऑनही आता संघात होता. फ्रान्सविरुद्ध पोलंड 2-1 असा पुढे होता. पण फ्रान्सने सामना 3-2 असा फिरवला आणि पुढे सुवर्णपदकही जिंकलं.

खरं तर यात शाप वगैरे काही नव्हतं. ऑलिम्पिकमध्ये फक्त 12 संघ असतात. गटातून आठ संघ पुढे येतात आणि तिथून एक हार म्हणजे घरी. विश्वचषकात दुसऱ्या फेरीत दोन सामने हरूनही पोलंड 2018 मध्ये विजेता झाला होता. ऑलिम्पिकच्या बाद फेरीत तशी उसंत मिळत नाही. पण पाचदा तेच घडल्यावर हे गणित कुणी ऐकून घेत नाही. खेळाडू मैदानात उतरतात तेव्हा मागचे चारही पराभव त्यांच्यासोबत उतरतात.

पॅरिसमध्ये तो पल्ला गाठला का?

टोकियोनंतर सर्बियाचे निकोला ग्रबिच प्रशिक्षक झाले आणि 2022 मध्ये कुरेककडे कर्णधारपद आलं. त्या वर्षीचा विश्वचषक मूळचा रशियात होणार होता. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर तो पोलंड आणि स्लोव्हेनियाकडे आला. कातोवित्सेच्या त्याच स्पोडेकमध्ये अंतिम सामना झाला आणि इटलीने पोलंडला 3-1 असं हरवलं. इटलीचे प्रशिक्षक होते दे जॉर्जी, ज्यांना 2017 मध्ये पोलंडने पदावरून दूर केलं होतं.

2023 मध्ये पोलंडने नेशन्स लीग जिंकली आणि रोममध्ये इटलीलाच नमवून युरोपियन विजेतेपदही मिळवलं. कुरेकने 2009 चं पहिलं आणि 2023 चं हे, अशी 14 वर्षांच्या अंतराने दोन युरोपियन सुवर्णपदकं मिळवली.

मग आलं पॅरिस 2024. उपांत्यपूर्व फेरीत पोलंडने स्लोव्हेनियाला 3-1 असं हरवलं आणि दोन दशकांची ती भिंत अखेर पडली. उपांत्य सामन्यात दुखापतींनी ग्रासलेला संघ अमेरिकेविरुद्ध 1-2 असा मागे होता. तिसरा सेट तर 14-25 असा गमावला होता. तिथून पोलंडने चौथा सेट 25-23 आणि पाचवा 15-13 असा जिंकला. माँट्रियलनंतर 48 वर्षांनी ऑलिम्पिक पदक निश्चित झालं. अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सने 3-0 असं हरवलं आणि पोलंडच्या गळ्यात रौप्यपदक पडलं. कर्णधार कुरेक 36 व्या वाढदिवसापासून काही दिवसच दूर होता.

त्याच वर्षी तो जपानहून पोलंडला परतला, झाक्सा केंजेझिन-कोझ्लेकडे. याच क्लबकडून तो किशोरवयात पोलिश लीगमध्ये खेळला होता.

या कारकिर्दीतून काय दिसतं?

कुरेककडे विश्वचषकाचं सुवर्ण आणि रौप्य, युरोपियन विजेतेपदं आणि ऑलिम्पिक रौप्य आहे. पण पदकांच्या यादीत काही गोष्टी दिसत नाहीत. सोडून दिलेला करार दिसत नाही, बुडालेला क्लब दिसत नाही, मणक्याची शस्त्रक्रिया दिसत नाही. 2014 च्या रकान्यात तर काहीच दिसत नाही.

तरीही त्याच्या कारकिर्दीला वळण मिळालं ते त्याच रिकाम्या रकान्यापाशी. आउटसाइड हिटर म्हणून त्याची जागा गेली नसती, तर तो ऑपोझिट झाला असता का, हे सांगता येणार नाही. मात्र 26 व्या वर्षी, नाव कमावून झाल्यावर, स्वतःची जागा सोडून नवं काम शिकायला तो तयार झाला. तुरिनमधल्या अटीतटीच्या क्षणी सेटरने चेंडू ज्याच्याकडे उडवला, तो खेळाडू या तयारीतून घडला होता.